दर गणपतीत तिसरा गिअर कर्र करतो, मागून गुणगुण येते. ऑईल बदलूनही जात का नाही?

सलग तीन वर्षं माझ्याकडे हाच तमाशा चालला होता म्हणून लिहितोय, निदान दुसऱ्या कोणाचे तरी पैसे वाचतील. गाडी म्हणजे जुनी डिझेल जीपगाडी, सात सीटर, इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांवर. राहायला गुहागर तालुक्यात. एप्रिल-मे मध्ये हापूसच्या पेट्या भरून कुंभार्ली घाट चढून कराड, पावसाळ्यात घरचीच धावपळ, आणि मधेमधे धोपावे-दाभोळ फेरीबोटीतून पलीकडे दापोलीला बहिणीकडे.

लक्षणं अशी. जून-जुलै बरा जायचा. ऑगस्ट संपत आला की सकाळी पहिल्यांदा गाडी काढली आणि दुसऱ्यावरून तिसरा टाकला की कर्रर्र, खवणीवर नारळाऐवजी करवंटीच धरल्यासारखं. गाडी गरम झाली की जरा कमी. त्याच सुमाराला साठच्या स्पीडला मागच्या सीटखालून एक गुणगुण सुरू व्हायची, भजनाआधी पेटीवाला सूर धरून बसतो तशी, आणि ॲक्सिलरेटर सोडला की सूर बदलायचा. आणि हे सगळं नेमकं गणपतीत, मुंबईची मंडळी उतरणार, चिपळूण स्टेशनच्या दिवसाला दोन-दोन फेऱ्या, आणि प्रत्येक काका गाडीत बसल्या बसल्या विचारणार, काय रे आवाज कसला येतोय.

पहिल्या वर्षी मेस्त्रीकडे नेली. त्याच्याकडे कोपऱ्यात गिअर ऑईलचा एक ड्रम, त्याला हातपंप, ड्रमवर मार्करने ९० लिहिलेलं. म्हणाला नव्वद नंबर टाकून देतो दोन्हीत, गिअरबॉक्स आणि डिफरन्सल (मागच्या दोन चाकांच्या मधला गिअरचा गोळा), आवाज जाईल. टाकलंन. गेला खरंच, दिवाळी पार पडली. पुढच्या ऑगस्टला परत. तेव्हा दुसऱ्या एकाने क्लच प्लेट गेली सांगितलंन, बदलली, फरक शून्य. तिसऱ्या वर्षी कोणीतरी शहाणपणा शिकवला की एकशेचाळीस टाक, जाड असतं, गुणगुण दबेल. दबली की! पण सकाळी तिसरा गिअर आता कर्रपण करेना, जाईचनाच मुळी, दांडा धरून झुंजायचं. थंड गाडीत तिसरा टाकणं म्हणजे विहिरीत अडकलेली कळशी ओढण्यासारखं.

शेवटी दिवाळीच्या सुट्टीत मीच चटई टाकून खाली शिरलो.

एक गोष्ट खाली शिरण्याआधीच सांगतो. आधी वरचा फिलर नट (ऑईल भरायचा) सुटतोय का ते बघायचं आणि मगच खालचा ड्रेन नट (ऑईल काढायचा) सोडायचा. उलटं केलंत आणि फिलर गंजून बसलेला निघाला, आणि आपल्याकडच्या खाऱ्या हवेत तो गंजलेलाच असतो, तर ऑईल सगळं परातीत, भरायला भोक नाही, आणि गाडी अंगणात तुळशीवृंदावनाशेजारी कायमची पार्क. मी फिलरला आदल्या रात्री गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवला होता तरी पान्याला पाईप लावून जोर द्यावा लागला. गाडी दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणून मग सोडायची, कोमट ऑईल गाळ घेऊन उतरतं. आणि जॅकवर विश्वास ठेवून खाली झोपायचं नाही, स्टँड लावा, निदान जांभ्या दगडाचे चिरे तरी लावू नका, चिरा फुटतो.

डिफरन्सलचा नट सोडला. पहिल्यांदा वाटीभर नुसतं गढूळ पाणी आलं आणि त्याच्या मागून जे आलं ते ऑईल नव्हतंच, टपरीवरची दुधाची कॉफी होती. फिकट, दाट, कडेला फेस. वास मात्र तोच, गिअर ऑईलचा कुजक्या अंड्यासारखा गंधकाचा. मी तसाच बसून राहिलो दोन मिनिटं.

मग गिअरबॉक्सचा सोडला. म्हटलं इथेही कॉफी असणार. नाही. काळपट पण स्वच्छ, पाण्याचा थेंब नाही. पण परात उन्हात नेली तर ऑईलमध्ये बारीक सोनेरी चकचक, कोणी जरीची साडी झटकल्यासारखी. ड्रेन नटच्या लोहचुंबकावर राखाडी लोण्यासारखा लेप होता, तो असतोच, दात एकमेकांवर घासतात त्याची पूड, त्याने घाबरायचं नसतं (हाताला टोचणारे तुकडे लागले तर घाबरायचं). पण ती सोनेरी चकचक चुंबकाला काही केल्या चिकटेना. म्हणजे लोखंड नाही. पितळ.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की हे एक दुखणं नाहीच, दोन दुखणी आहेत, आणि मी तीन वर्षं दोघांना एकच औषध पाजतोय. एकाला तर ते औषधच बाधत होतं.

आता नव्वद नंबर म्हणजे काय ते आधी. नव्वद हा फक्त जाडपणा आहे, बाकी काही नाही. १०० अंश तापमानाला ऑईल किती घट्ट राहतं त्याचं माप. ८०डब्ल्यू-९० किंवा ७५डब्ल्यू-९० मध्ये डब्ल्यूच्या अलीकडचा आकडा थंडीचा. ७५डब्ल्यू उणे ४० पर्यंत तपासलेलं, ८०डब्ल्यू उणे २६, ८५डब्ल्यू उणे १२. आपल्याकडे दापोलीला जानेवारीत पहाटे तापमान दहा अंशांच्या आसपास गेलं की लोक शेकोटी पेटवतात, त्यामुळे त्या उणे आकड्यांचं आपल्याला फार काही नाही. आणि आणखी एक, इंजिन ऑईलचे आकडे आणि गिअर ऑईलचे आकडे एका फूटपट्टीवरचे नाहीत. लोकांना वाटतं इंजिनात चाळीस आणि गिअरमध्ये नव्वद म्हणजे गिअर ऑईल दुप्पट जाड. तसं नाही. गिअरचं ९० हे इंजिनाच्या ४० ते ५० एवढंच असतं जवळपास. १४० मात्र खरोखर जाड.

खरा मुद्दा डब्यावर बारीक अक्षरात असतो, एपीआय (अमेरिकेतली पेट्रोलियम संस्था) जीएल-४ की जीएल-५. हे जाडपणाचं नाही, आत काय मिसळलंय त्याचं आहे. दोन्हीत गंधक आणि फॉस्फरसची रसायनं असतात, प्रचंड दाबाखाली दातांमधलं ऑईल पिळून बाहेर गेलं तरी लोखंड लोखंडावर घासू नये म्हणून. जीएल-५ मध्ये ही रसायनं जीएल-४ च्या साधारण दुप्पट.

मग दुप्पट म्हणजे दुप्पट चांगलं, सगळीकडे जीएल-५ च टाका, असं वाटतं ना? मेस्त्रीलाही तेच वाटत होतं. त्याच्या ड्रमचं लेबल मी नंतर पुसून वाचलं, ८०डब्ल्यू-९० जीएल-५. ऑईल चांगलंच होतं, बनावट बिनावट नाही. डिफरन्सलला अगदी बरोबर. गिअरबॉक्सला चूक.

डिफरन्सलमध्ये असतो क्राऊन (मोठं दातेरी चाक) आणि पिनियन (त्याला फिरवणारं छोटं), आणि पिनियन क्राऊनच्या मध्यावर नसतो, थोडा खाली सरकवलेला असतो. त्याला हायपॉईड म्हणतात. पॅकार्ड कंपनीने १९२६ च्या सुमाराला हे गाड्यांत आणलं, इंजिनाकडून मागे येणारा शाफ्ट खाली गेला, गाडीचा तळ खाली बसवता आला. पण त्यामुळे दात नुसते एकमेकांवर लोळत नाहीत, आडवे घसरतातही, पाट्यावर वरवंटा फिरतो तसे. त्या घासण्याला जीएल-५ च हवं. इथे जीएल-४ टाकलंत तर दात खरवडतात, आणि क्राऊन-पिनियन जोडीनेच बदलावा लागतो, बिल बघून खाली बसाल.

गिअरबॉक्समध्ये असतात सिंक्रो रिंगा, बहुतेक पितळेच्या. ह्या कॅडिलॅकने १९२८ ला आणल्या, म्हणजे हायपॉईडच्या दोनच वर्षांनी, आणि मला गंमत वाटते की एकाच दशकातल्या ह्या दोन शोधांना एकमेकांचं ऑईल सोसत नाही. रिंगेचं काम ब्रेकचं. तिसरा टाकता तेव्हा ती रिंग गिअरच्या निमुळत्या कोनाला घासून दोघांचा वेग एक करते आणि मग दात बसतात. म्हणजे तिला थोडं घासायला मिळालंच पाहिजे. जीएल-५ तिथे जास्तच बुळबुळीत, रिंग पकडतच नाही, वेग जुळायच्या आत दात भिडतात आणि तो कर्र. वर तापल्यावर गंधक पितळेला काळं करतं आणि हळूहळू खातं. हल्लीची काही जीएल-५ पितळेला तेवढा त्रास देत नाहीत पण घासण्याचा प्रश्न राहतोच.

माझ्या गाडीच्या पुस्तकात गिअरबॉक्सला ८०डब्ल्यू-९० जीएल-४ आणि डिफरन्सलला जीएल-५ असं स्वच्छ लिहिलेलं. पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात, त्यावर आंब्याच्या पावत्या. तीन वर्षं.

आता तुम्ही स्वतःची गाडी बघताना एवढं करा, कारण सगळी कर्र ऑईलचीच नसते. इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून बघा. बंद इंजिनात लोण्यासारखे जातायत आणि चालू इंजिनात उभ्या गाडीला पहिला अडतोय, क्लच पूर्ण दाबून चार-पाच सेकंद थांबलात तरी रिव्हर्स कर्र करतोय, तर क्लच नीट सुटत नाही, ऑईलचा संबंध नाही. जुन्या गाड्यांत रिव्हर्सला बहुतेक सिंक्रो नसतोच म्हणून तो क्लचची चुगली करतो. उलट रिव्हर्स ठीक आणि चालत्या गाडीत एकच ठराविक गिअर रडतोय, बहुधा दुसरा किंवा तिसरा, तर सिंक्रो. ही परीक्षा मला आधी माहीत असती तर क्लच प्लेटचे पैसे वाचले असते, माझा रिव्हर्स कधीच रडला नव्हता.

मागच्या आवाजाचंही तसंच. जोर दिला की एक सूर, सोडला की दुसरा, तर क्राऊन-पिनियनकडे बघा. वळणावर एका बाजूला वाढतो आणि दुसऱ्या बाजूला कमी होतो, तर चाकाचं बेअरिंग. आणि जाड ऑईलने आवाज दाबणं म्हणजे तापाला पंखा लावणं. माझी गुणगुण १४० ने दबली होती आणि आत कॉफीच होती.

कॉफी का होते. पावसाळ्यातल्या फेऱ्यांनी तापून आलेलं डिफरन्सलचं हौसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, हाताला चटका देतं. आतली हवाही तापून फुगलेली. तशीच गाडी घराजवळच्या पऱ्यावर (ओढ्यावर) येते, कॉजवेवरून गुडघाभर पाणी, हौसिंग गार पाण्यात बुडतं, आतली हवा आक्रसते आणि बाहेरून काहीतरी ओढून घेते. त्यासाठी वरच्या बाजूला ब्रीदर दिलेला असतो, बाटलीच्या बुचाएवढी टोपी, हवा आतबाहेर करायला. माझा ब्रीदर मी बोटाने फिरवायला गेलो तर फिरेचना. गंज, त्यावर लाल चिखल, त्यावर ऑईल, सगळं मिळून सिमेंट झालेलं. मग हवा कुठून ओढणार? ऑईल सीलच्या (शाफ्टभोवतीच्या, ऑईल अडवणाऱ्या रबरी रिंगेच्या) ओठातून, पाण्यासकट. आणि तापल्यावर दाब बाहेर पडायला जागा नाही म्हणून तीच सील ऑईलपण बाहेर टाकते. लोक सील बदलतात, दोन महिन्यांत परत गळते, सीलला शिव्या. ब्रीदर कोणी बघत नाही.

आणि ब्रीदर गंजायला वेगळं काही करावं लागत नाही आपल्याकडे. फेरीबोटीच्या धक्क्यावर भरतीला पाणी वर आलेलं असतं, चढताना-उतरताना खालून खारं पाणी उडतं. पुळणीवर गाडी घालणाऱ्या पर्यटकांचं तर विचारूच नका, रुतलेली गाडी ओढायला दोरी घेऊन जाणारे आम्हीच असतो. फेरीतून आलात की त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवा, एवढं तरी.

पाणी शिरलंय का याची शंका असेल तर सोपी परीक्षा. फिलर सोडा, बोट आत घालून थोडं ऑईल काढा आणि जुना तवा तापवून त्यावर एक थेंब टाका. स्वच्छ ऑईल नुसता धूर काढत पसरतं, पाणी असेल तर फोडणीतल्या मोहरीसारखं तडतडतं. तवा घरातला चालू वापरातला घेऊ नका, मी घेतला होता, गंधकाच्या वासाची भाकरी दोन दिवस खाल्ली आणि बोलणी आठवडाभर.

दुधाळ निघालं तर एकदा बदलून भागत नाही. एक्सलच्या (डिफरन्सलपासून चाकांपर्यंत जाणाऱ्या दांड्यांच्या) नळ्यांत पाणी-ऑईल दडून राहतं आणि नव्या ऑईललाही फिकट करतं. माझ्या ‘बदललं की दोन महिने शांत’चं अर्धं कारण हेच होतं, जुनं पाणी आत शिल्लक. गाडी आधी एका बाजूने उचलून मग दुसऱ्या बाजूने उचलून निथळू द्या. मग स्वस्तातलं पण जीएल-५ च टाकून वीस-तीस किलोमीटर, सपाटीला, लोड न घेता चालवा, परत काढा. रंग बघा. मला तीन वेळा करावं लागलं, तिसऱ्यांदा मधासारखं स्वच्छ आलं, मग चांगलं ऑईल भरलं. डिझेल किंवा रॉकेल टाकून धुवायला मेस्त्री सांगतात, मी तरी नाही करत, जे नळ्यांत राहतं ते नवीन ऑईल पातळ करतं.

भरताना गाडी सपाटीला हवी, फिलरच्या कडेपर्यंत आलं आणि ओघळ सुटला की बस. जास्त भरलं तर फायदा नाही, सीलवाटे बाहेर येतं आणि मागच्या ड्रममध्ये ब्रेक शूवर गेलं तर ब्रेकच लागत नाही, घाटात हे नको. ड्रेन नटचा तांब्याचा वायसर नवीन घाला, किरकोळ किंमत असते.

ब्रीदरचं मी कायमचं करून टाकलं. टोपी काढली, त्या जागी नोझल, त्याला पेट्रोलचा रबरी पाईप, तो चेसिसवरून वर नेऊन मागच्या लाईटच्या आतल्या पोकळीत, टोकाला बाईकचा छोटा पेट्रोल फिल्टर आणि टोक खाली वळवलेलं. पाईप ताणून बांधू नका, स्प्रिंगचे पाटे दबले-उठले की एक्सल वरखाली होतो, ढील हवी, नाहीतर पहिल्याच खड्ड्यात निसटेल, आणि आमच्या रस्त्याला पहिला खड्डा फाटकाबाहेरच आहे.

गिअरबॉक्सचं शेवट एवढं गोड नाही झालं. १४० काढून ८०डब्ल्यू-९० जीएल-४ टाकलं, दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरा-चौथा इतके हलके की मी दोनदा उगाचच बदलून बघितले. तिसऱ्याची कर्र अर्ध्यावर आली पण गेली नाही. झिजलेलं पितळ ऑईलने परत येत नाही. शेवटी बॉक्स उतरवून तिसऱ्याची रिंग बदलली, जुनी माझ्याकडे आहे, आतल्या खाचा नखाला लागतच नाहीत, नवीच्या कानसेसारख्या लागतात.

बाकीच्या गाड्यांचं थोडक्यात. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाड्या, म्हणजे आजकाल बहुतेक हॅचबॅक, त्यांना वेगळा डिफरन्सलचा चेंबर नसतो, तो गिअरबॉक्सच्याच पोटात, एकच ऑईल, आणि तिथे हायपॉईड नसतो म्हणून बहुतेकांना जीएल-४ च सांगितलेलं असतं, ७५डब्ल्यू-८० किंवा ७५डब्ल्यू-९०. काहींना कंपनीचं स्वतःचं वेगळं ऑईल लागतं, तिथे अक्कल लावायची नाही. शेजारच्या मुलाने असल्या गाडीचं ‘डिफरन्सल ऑईल’ बदलल्याचं बिल आणून दाखवलं होतं मला, आम्ही दोघांनी वाकून वाकून शोधला, नाही सापडला डिफरन्सल. फोर बाय फोर असेल तर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारा डबा) आणि पुढचा एक्सल हे आणखी दोन चेंबर, ते विसरू नका. लिमिटेड स्लिप डिफरन्सल (एकच चाक नुसतं गरागरा फिरत राहू नये अशी सोय असलेला) असेल तर त्याला वेगळं मिश्रण असलेलं ऑईल लागतं, डब्यावर एलएस लिहिलेलं असतं. ऑटोमॅटिक किंवा सीव्हीटी (ऑटोमॅटिकचाच पट्ट्यावर चालणारा प्रकार) असेल तर ह्यातलं कुठलंच नाही. आणि डब्यावर जीएल-४ आणि जीएल-५ दोन्ही लिहिलेलं दिसलं तर पुस्तकात गिअरबॉक्सला फक्त जीएल-४ असेल तिथे मी ते घेत नाही.

ज्यांच्या गाड्या पुरात उभ्या होत्या त्यांना वेगळं सांगायला नको खरं तर, पण सांगतो. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा बुडालेल्या गाड्यांची इंजिन ऑईलं लोकांनी लगेच बदलली, आणि आमच्या ओळखीतल्या दोघांनी गिअरबॉक्स-डिफरन्सलकडे बघितलंच नाही, कारण गाडी चालू झाली होती ना. दोघांचीही बेअरिंगं पुढच्या वर्षात वाजली.

माझं आता मृगाआधी एकदा आणि दसऱ्याला एकदा, फिलर सोडून बोट घालणं ठरलेलं आहे, पाच मिनिटांचं काम. गेल्या दसऱ्याला दोन्हीकडे ऑईल स्वच्छ. फक्त डाव्या मागच्या ड्रमच्या आतल्या बाजूला थोडी ओल दिसली आणि तिला लाल धूळ चिकटलेली. आता ब्रीदर मोकळा आहे म्हणजे ही खरोखरच सील असणार. चाक काढून बघायचंय, ह्या रविवारी पाऊस नसला तर.